युद्धावरून परतलेला माणूस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते लोकांच्या हातात पुस्तकं देत राहिले. म्हणून आज मीही तेच करणार आहे. पुस्तकं सुचवणार आहे. पुस्तकंही एका विशिष्ट जातीची. येणाऱ्या काळातली युद्धं, दूरच्या ताऱ्यांवरच्या लढाया आणि त्या लढणारे शिपाई, यांच्या कादंबऱ्या. इंग्रजीत या प्रकाराचं मोठं दालन आहे. आपल्याकडे त्याकडे पोरांचं वाचन म्हणून बघतात. दहावीनंतर सोडून द्यायचं. माझं म्हणणं उलट आहे. दहावीनंतरच धरायचं. आणि विदर्भातल्या माणसानं तर धरायचंच.

विदर्भातल्याच का? जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला कामठी. १८२१ पासूनची छावणी, आणि आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र. नागपुरात हवाई दलाच्या देखभाल विभागाचं मुख्यालय. अंबाझरीला दारूगोळ्याचा कारखाना. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकांचा. दक्षिणेला भद्रावतीला आणखी एक. पश्चिमेला पुलगाव, देशातल्या मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक. आणि या सगळ्यांच्या मधोमध आपण, उमरेड. कोळशाची खाण, मिरचीचा बाजार आणि कऱ्हांडल्याचं जंगल घेऊन बसलेलो. सीमा इथून फार लांब आहे हे खरं. पण सीमेवर जे फुटतं, त्यातलं कितीतरी इथल्या माणसांच्या हातून भरून जातं.

३१ मे २०१६ ला पुलगावच्या भांडारात आग लागली, ती रात्र आपण विसरलेलो नाही. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोट झाला. आठ कामगार गेले. त्या दिवशी देशात कुठं युद्ध चालू होतं का? नव्हतं. तरी युद्धाच्या कामात माणसं गेली. हे लक्षात ठेवा. पुढं एका कादंबरीबद्दल बोलताना मला याची गरज पडणार आहे.

आणखी एक गोष्ट. पहाटे कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. पोरं धावताना दिसतील. सोळाशे मीटरची वेळ लावून, अनवाणी, अंधारात. सैन्यभरतीची तयारी. २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना पुढं कायम. बाकीचे घरी येणार. एकवीस, बावीस, पंचवीस वर्षांचे. ते कुठल्या घरी येतील? त्यांना आपलं गाव कसं दिसेल, आणि गावाला ते कसे दिसतील? या प्रश्नावर मराठीत मला फारसं वाचायला मिळालेलं नाही. मिळालं ते ताऱ्यांवरच्या युद्धांच्या कादंबऱ्यांत.

माझा मुद्दा इथंच सांगून टाकते. पुढचं सगळं त्याच्या आधारासाठी आहे. या कादंबऱ्या लोक शस्त्रांसाठी वाचतात. किरणांच्या बंदुका, यंत्राचे चिलखती पोशाख, अवकाशयानांची आरमारं. ते सगळं त्यात असतं आणि त्यात मजाही असते. पण या प्रकारातली खरी मोठी पुस्तकं शस्त्रांची नाहीत. ती परत आलेल्या माणसाची आहेत. पाठवणारा आणि जाणारा यांच्यात किती अंतर पडतं, आणि गेलेला परत येतो तेव्हा त्या अंतराचं काय होतं, एवढीच गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगतात.

आता सुरुवातीपासून बघू. या प्रकाराची सुरुवात कुठं झाली? पुष्कळ जण एच. जी. वेल्सचं नाव घेतील. वेल्स मोठाच, त्याच्याकडे येतेच. पण त्याच्या आधी सत्तावीस वर्षं, मे १८७१ मध्ये, ब्लॅकवुड्स नावाच्या ब्रिटिश मासिकात एक निनावी गोष्ट आली. नाव, ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’. जर्मन बोलणारं सैन्य इंग्लंडवर चालून येतं, समुद्रातल्या नव्या यंत्रांनी ब्रिटिश आरमार बुडवतं आणि लंडनच्या दक्षिणेला डॉर्किंगजवळ इंग्रजांचा पुरता पराभव करतं. ज्या देशाच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, त्याच देशातल्या वाचकाला कुणीतरी त्याचा पराभव वाचायला लावला. देशभर खळबळ उडाली. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना जाहीर भाषणात अशा भीतीविरुद्ध बोलावं लागलं.

ही गोष्ट लिहिणारा कोण होता? जॉर्ज चेस्नी. बंगाल इंजिनिअर्स या पलटणीतला अधिकारी. १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला. म्हणजे बघा, भविष्यातल्या युद्धाच्या कादंबरीचा मूळपुरुष आपल्या देशात लढलेला, आपल्याच माणसांवर चालून आलेला लष्करी माणूस. एका साम्राज्याची राजधानी कशी पडते हे त्यानं दिल्लीच्या तटाखाली स्वतः पाहिलं होतं. तेच दृश्य पुढं त्यानं स्वतःच्या देशावर नेऊन ठेवलं. निदान मी तरी ती गोष्ट तशीच वाचते.

आणि गोष्ट सांगतो कोण? त्या लढाईत स्वयंसेवक म्हणून उभा राहिलेला एक माणूस, पन्नास वर्षांनंतर, नातवंडांना. सेनापती नाही, मंत्री नाही. धड शिकवण नाही, पोटात अन्न नाही, हुकूम कोण देतोय ते कळत नाही, अशा अवस्थेत उभा केलेला एक साधा माणूस. पहिल्याच गोष्टीत परत आलेला म्हातारा बोलतोय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वेल्सबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याला सगळे ओळखतात. १८९८ साली त्यानं मंगळावरून आलेली फौज इंग्लंडवर उतरवली. १९०३ साली त्यानं एका कथेत जमिनीवर चालणाऱ्या चिलखती गाड्या लिहिल्या, आणि १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या रणांगणावर खरोखरीचे रणगाडे उतरले. १९१४ च्या एका कादंबरीत त्यानं अणुबाँब लिहिला. ती कादंबरी लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञानं १९३२ साली वाचली, आणि पुढच्याच वर्षी अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याच्या डोक्यात आली. अशा गोष्टी ऐकल्या की टाळ्या पडतात. लेखकानं किती आधी ओळखलं! पण मला विचाराल, तर भाकीत खरं ठरलं म्हणून पुस्तक मोठं होत नाही. शस्त्राचा अंदाज कारखान्यातला इंजिनिअरही बांधतो. लेखकाचं काम त्याच्या पुढं सुरू होतं. त्या शस्त्रामागे उभ्या असलेल्या माणसाचा अंदाज त्यानं बांधायचा असतो.

आता मी दोन कादंबऱ्यांकडे येते. माझ्या मते या दोन एकत्रच वाचाव्यात. एक वाचून दुसरी न वाचणं म्हणजे एकाच बाजूचा वकील ऐकून निकाल देणं.

पहिली, रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘स्टारशिप ट्रूपर्स’. १९५९ ची. हाइनलाइन अमेरिकन नौदल अकादमीतून १९२९ साली बाहेर पडले आणि क्षयामुळे १९३४ साली त्यांना नौदल सोडावं लागलं. म्हणजे शिपाई व्हायला निघालेला आणि अर्ध्या वाटेवरून परत पाठवलेला माणूस. त्यांचा नायक जॉनी रिको श्रीमंत घरातला मुलगा. बापाच्या मनाविरुद्ध भरती होतो. कादंबरीचा मोठा भाग लढाईचा नाही, प्रशिक्षणाचा आहे. चिलखती पोशाख घालून उड्या कशा मारायच्या, शिस्त म्हणजे काय, चूक झाली तर शिक्षा काय. आपल्याकडची भरतीची पोरं हा भाग एका बैठकीत वाचतील, याची मला खात्री आहे. शत्रू म्हणजे किड्यांसारखे परग्रहवासी. त्यांच्या हल्ल्यात रिकोची आई ज्या शहरात असते ते शहर नष्ट होतं. पुढं त्याचा बापही सैन्यात येतो. बाप-लेकाची ती भेट हाइनलाइन यांनी फार संयमानं लिहिली आहे.

पण या कादंबरीत एक वादग्रस्त विचार आहे आणि तो लपवून मी तुम्हाला पुस्तक देणार नाही. त्या जगात मतदानाचा हक्क फक्त त्यालाच, ज्यानं राज्याची सेवा पुरी केली. बाकीचे नागरिक नाहीत. हाइनलाइन हा विचार शाळेच्या वर्गात शिक्षकाच्या तोंडून, अगदी शांतपणे, मुद्देसूद मांडतात. वाचताना मान डोलायला लागते. तिथंच थांबायचं आणि स्वतःला विचारायचं: मला हे मान्य आहे का? ज्या देशानं पहिल्या निवडणुकीपासून शिकलेल्या आणि न शिकलेल्या, मालक आणि मजूर, बाई आणि पुरुष, सगळ्यांना एकसारखं एक मत दिलं, त्या देशातल्या वाचकाला हे मान्य आहे का? मला नाही. पण मला का नाही, हे नीट सांगता यायला मला हाइनलाइनच वाचावे लागले. चांगल्या विरोधी पुस्तकाचा हा उपयोग असतो.

दुसरी कादंबरी ‘द फॉरेव्हर वॉर’. लेखक जो हाल्डमन, वर्ष १९७४. या एका पुस्तकासाठी मी आज इथवर आले आहे म्हटलं तरी चालेल.

हाल्डमन भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकले होते. सक्तीच्या भरतीत १९६७ साली उचलले गेले आणि व्हिएतनाममध्ये सुरुंग-स्फोटकांचं काम करणाऱ्या तुकडीत गेले. तिथं स्फोटात जखमी झाले. परत आले, लेखनाच्या शिक्षणासाठी आयोवाला गेले आणि तिथं ही कादंबरी लिहिली. अठरा प्रकाशकांनी ती नाकारली. व्हिएतनामची गोष्ट कुणाला वाचायची नाही, म्हणाले. गोष्ट व्हिएतनामची नव्हतीच, ताऱ्यांवरची होती. पण वाचणाऱ्याला लगेच कळत होतं की हा माणूस कुठून आलाय.

कथा अशी आहे. मँडेला नावाचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. सरकार हुशार मुला-मुलींनाच सक्तीनं उचलतं. त्याचं प्रशिक्षण प्लूटोच्याही पलीकडच्या गोठलेल्या जागी होतं, आणि तिथं, शत्रू दिसायच्या आधीच, माणसं मरायला लागतात. पोशाखात बिघाड, एक चुकीचं पाऊल, खरी स्फोटकं वापरून केलेला सराव. जवाहरनगरची आठवण मी मघाशी काढली ती यासाठी. युद्धातलं मरण गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, हे शस्त्रांच्या प्रेमात पडलेली कादंबरी कधी सांगत नाही. हाल्डमन पहिल्याच भागात सांगतात. मग पहिली लढाई. सैनिकांच्या मनात आधीच संमोहनानं द्वेष पेरून ठेवलेला. एका शब्दासरशी तो जागा होतो, आणि जवळजवळ प्रतिकारच न करणाऱ्या शत्रूची कत्तल होते. नंतर शुद्धीवर आलेल्या त्या पोरांना आपण काय केलं ते कळतं. पुढं काय वाटतं त्यांना? हाल्डमन फार शब्द खर्च करत नाहीत.

आता या पुस्तकाचा खरा गाभा. लढाईला जाणारी यानं प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातात. आइनस्टाइननं सांगितल्याप्रमाणे अशा यानातला काळ हळू चालतो. यानातल्या माणसाला काही महिने, पृथ्वीवर कित्येक वर्षं. मँडेला स्वतःच्या हिशेबानं दोन वर्षांनी परत येतो, तर पृथ्वीवर २०२४ साल उजाडलेलं. बाप गेलेला. आई म्हातारी झालेली, आणि वय झालं म्हणून सरकारी यंत्रणा तिच्यावर उपचार करायलाच नकार देते. भाषा बदललेली, पैसा बदललेला, माणसांची नाती बदललेली. ज्याच्यासाठी लढलो ते घर उरलेलंच नाही. मग तो काय करतो? पुन्हा भरती होतो. कारण आता सैन्यातच त्याला ओळखणारी माणसं आहेत. शिकवण्याचं काम देऊ म्हणून आश्वासन मिळतं, आणि सही झाली की पुन्हा आघाडीवर रवानगी. पुढच्या खेपेला शेकडो वर्षं जातात.

मासिकात ही कादंबरी क्रमशः आली तेव्हा परतीचा हा मधला भाग जसाच्या तसा छापला गेला नाही. फार उदास आहे म्हणून. तो नंतरच्या आवृत्तीत परत आला. विकत घेताना हा भाग असलेली आवृत्ती घ्या, हे आवर्जून सांगते. तो भाग वगळला तर पुस्तकाचा प्राणच जातो.

ही कल्पना तुम्हाला फार परकी वाटते का? प्रकाशाचा वेग, काळाचं हळू चालणं? आपल्या इतिहासाकडे बघा. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाला, २४ जानेवारीला त्यांच्या हाती एका सावकाराचं सांकेतिक भाषेतलं पत्र पडलं, तेव्हा त्यांना कळलं. मधले दहा दिवस काय होतं? त्या दहा दिवसांत पेशव्यांच्या जगात विश्वासराव जिवंत होते. भाऊ जिवंत होते. त्यांच्यासाठी मदत घेऊन जायचे बेत चालले होते. रणांगणावरचा काळ आणि घरचा काळ वेगळा झाला होता. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर जात होत्या. इथल्या बाईला नवऱ्याची खबर मिळायची ती शिळी. त्याला गावाची खबर मिळायची ती शिळी. त्यानं घरी परत यायचं, तर मनात जपलेल्या गावी. आणि गाव तेव्हा पुढं निघून गेलेलं. हाल्डमननी आइनस्टाइनच्या गणितातून जे काढलं, ते मोहिमेवर गेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरानं आधीच सोसलेलं आहे. म्हणून मी म्हणते, ही कादंबरी मराठी वाचकाची आहे. फक्त ती इंग्रजीत लिहिली गेली.

आणि तिच्यात प्रेमाची गोष्टही आहे. मँडेला आणि मेरीगे. दोघांना वेगवेगळ्या मोहिमांवर पाठवलं जातं, म्हणजे वेगवेगळ्या शतकांत. पुढं काय होतं ते सांगणार नाही. हे युद्ध हजार वर्षांहून जास्त चालतं. ते कशावरून सुरू झालं होतं, हे शेवटी कळतं. तेही सांगणार नाही. तिथं पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसा.

हाल्डमननी हाइनलाइनना उत्तर दिलं असं टीकाकार म्हणतात. खुद्द हाइनलाइन यांनी मात्र या पुस्तकाची मनापासून प्रशंसा केली. वाद असा असावा. दोघंही सैन्याचा गणवेश घातलेले. एकाला वाटतं सेवेतून नागरिक घडतो. दुसरा म्हणतो, सेवेतून परतलेल्याला नागरिक म्हणून जागाच उरत नाही. अग्निवीर होऊ बघणाऱ्या पोरानं आणि त्याच्या आईबापानं यातलं कुठलं पुस्तक वाचावं? दोन्ही.

आता आपल्या कपाटाकडे वळते. १९७४ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये. तिकडे हाल्डमन कोसळलेल्या ताऱ्यांच्या वाटेनं शिपाई पाठवत होते. इकडे आपले खगोलशास्त्रज्ञ कृष्णविवरावर मराठीत कथा लिहीत होते. एकाच वर्षी, एकाच आकाशाकडे बघून. पण आपल्या आकाशात शिपाई नव्हता. का नव्हता?

मला याची दोन कारणं दिसतात. मराठी विज्ञानकथा वाढवली ती नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशा विज्ञान शिकलेल्या, विज्ञान शिकवू पाहणाऱ्या लेखकांनी. त्यांच्या कथेचा नायक स्वाभाविकपणे शास्त्रज्ञ. दुसरं कारण मोठं आहे. मराठी वाचकाला युद्ध हवं असतं, भरपूर हवं असतं, पण मागच्या काळातलं. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ १९८८ साली आलं, ते आजही घराघरांत आहे. शिवकाळ, पेशवाई, कुरुक्षेत्र. आपण युद्धाकडे मान मागं वळवून बघतो. ज्यात आपला निर्णय आता काही बदलू शकत नाही, तेच युद्ध आपल्याला वाचायला आवडतं. पुढच्या युद्धाबद्दल वाचणं जड जातं, कारण त्यात आपल्याला काहीतरी ठरवावं लागेल.

गंमत बघा, नारळीकरांनी ही मान वळवण्याची सवयच पकडली आणि तिच्यातूनच कथा केली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पडतात, जिथं मराठे पानिपत जिंकले आहेत. का जिंकले? विश्वासरावांना लागणारी गोळी अंगाला चाटून गेली, एवढ्याच कारणानं. एवढ्याशा फरकानं पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा. आणि गंगाधरपंत तिथून परत येतात. म्हणजे आपल्याकडेही परत आलेला माणूस आहेच! पण हा रणांगणावर न गेलेला, ग्रंथालयातून परत आलेला माणूस. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे इथल्या काही मुलांनी ती धडा म्हणून वाचली असेल. मार्कांसाठी वाचलेलं पुन्हा एकदा आनंदासाठी वाचा. लढाई हरणं-जिंकणं एका गोळीवर अवलंबून असेल, तर विजयाचा अभिमान आणि पराभवाची शरम यांचं काय करायचं? हा प्रश्न त्या कथेत आहे. परीक्षेत तो विचारत नाहीत.

नारळीकरांच्या आणखी दोन कथा या विषयात येतात, ‘धूमकेतू’ आणि ‘हिमप्रलय’. पहिलीत पृथ्वीवर येणारा धूमकेतू अण्वस्त्राच्या बळानं वळवायचा बेत होतो. दुसरीत हिमयुग टाळण्यासाठी रॉकेटं डागली जातात, ती वातावरणावर. माणसानं माणसासाठी बनवलेलं शस्त्र दुसरीकडे वळवणं, हा नारळीकरांचा ध्यास दिसतो. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या या बाजूवर अजून नीट लिहिलं गेलेलं नाही. इथल्या कुणा तरुण अभ्यासकानं ते काम घ्यावं.

शस्त्र वळवणं, शस्त्र परत घेणं. महाभारतात सौप्तिकपर्वात काय होतं? अश्वत्थामा अस्त्र सोडतो, अर्जुन सोडतो. ऋषी मध्ये पडतात. अर्जुन आपलं अस्त्र परत घेतो, कारण त्याला ते येतं. अश्वत्थाम्याला येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जातं. योद्ध्याची पारख तिथं सोडण्यावरून होत नाही, परत घेण्यावरून होते. आता नागपूरला या. इथल्या कंपनीनं बनवलेलं ‘नागास्त्र-१’ हे घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारं ड्रोन २०२४ च्या जूनमध्ये सैन्याला मिळालं, पहिल्या खेपेत १२०. त्याचं एक वैशिष्ट्य असं, की लक्ष्य सापडलं नाही किंवा हल्ला रद्द झाला तर ते पॅराशूटनं परत उतरवता येतं. परत बोलावता येणारं अस्त्र. आपल्या पन्नास-साठ किलोमीटरवर. मला सांगा, या विषयावर पहिली मराठी कादंबरी मुंबई-पुण्यात लिहिली जायला हवी, की इथं?

ड्रोनचा विषय निघाला म्हणून ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एंडर्स गेम’, १९८५. सहा वर्षांच्या मुलाला घरातून उचलून अवकाशातल्या लढाईच्या शाळेत नेतात आणि खेळ खेळवून सेनापती घडवतात. पडद्यावर खेळणारा मुलगा आणि पडद्यापलीकडचं खरं जग यांच्यातली रेघ किती पातळ असते, हे त्यात कळतं. मोबाईलवर लढाया खेळणाऱ्या नातवाच्या हाती हे पुस्तक जरूर द्या, पण आधी तुम्ही वाचा आणि मग त्याच्याशी बोला. शेवट जबरदस्त आहे. तो ऐकून वाचण्यासारखा नाही, म्हणून मी गप्प बसते.

बाकीच्यांची नुसती ओळख करून देते. सभागृहात ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत. त्यांच्यासाठी जॉन स्काल्झी यांची ‘ओल्ड मॅन्स वॉर’, २००५ ची. तिथं सैन्यात भरतीच पंचाहत्तराव्या वर्षी होते. आयुष्य जगून झालेला शिपाई कसा लढतो? वाचायला सोपी, मनात राहणारी. स्त्रियांनी लिहिलेलं हवं असेल तर कॅमेरन हर्ली यांची ‘द लाइट ब्रिगेड’, २०१९. सैनिकांचं प्रकाशात रूपांतर करून त्यांना रणांगणावर पाठवतात, आणि एका सैनिकाच्या वाट्याला तिचं युद्ध पुढचं-मागचं उलटसुलट येतं. गुंतागुंतीची आहे, पहिली म्हणून घेऊ नका.

आणि लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची ‘द वॉरिअर्स अप्रेंटिस’, १९८६. ही मी पहाटे धावणाऱ्या त्या पोरांसाठी राखून ठेवली होती. नायक माइल्स. हाडं काचेसारखी ठिसूळ, उंची तोकडी, घराणं लष्करी. सैनिकी अकादमीच्या शारीरिक परीक्षेत भिंतीवरून उडी मारतो आणि दोन्ही पाय मोडून घेतो. नापास. भरतीच्या मैदानावरून काही सेकंदांनी, एखाद्या सेंटीमीटरनं परत आलेले कितीतरी जण या तालुक्यात असतील. परत येणं त्यांचंही असतं, आणि त्यांच्या परत येण्यावर कुणी व्याख्यान देत नाही. माइल्स पुढं जे करतो ते भन्नाट आहे, भरपूर हसवणारं आहे, आणि पुस्तक कुठंही त्याची कीव करत नाही.

सगळ्या दालनाची शिफारस मी करत नाही, हेही सांगायला हवं. या प्रकारात पानोपानी स्फोट आणि मधे माणूस नाही, अशी पुस्तकं ढिगानं आहेत. ओळखायची कशी? पहिली पन्नास पानं वाचा. एखादा शिपाई मेला आणि पुढच्या परिच्छेदात त्याचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही, तर पुस्तक परत करा.

इंग्रजीची भीती बाळगू नका. हाल्डमन यांची वाक्यं आखूड आहेत, बारावीपर्यंत शिकलेला माणूस शब्दकोश जवळ ठेवून महिनाभरात वाचेल. ग्रंथालयाला माझी एक विनंती आहे. ‘स्टारशिप ट्रूपर्स’ आणि ‘द फॉरेव्हर वॉर’ यांच्या दोन-दोन प्रती एकदमच घ्या, आणि देताना जोडीनं द्या. शक्य असेल तर एक जोडी निवृत्त सैनिकाला आणि दुसरी भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला. महिन्याभरानं दोघांना याच सभागृहात समोरासमोर बसवा आणि गावाला ऐकू द्या. त्या दिवशी मला बोलवा, मी श्रोत्यांत बसायला येईन.